दोडक्याची संध्याकाळ, गिलक्याची पहाट

या पोरांनो, ओसरीवर बसा. चार वाजेपर्यंत अंगणात कोणी पाय टाकायचा नाही. मे महिन्यातलं खान्देशचं ऊन आहे हे. पारा ४५ अंशांना टेकतो, पत्रे कडकड वाजतात आणि वाघूरच्या पात्रातल्या दगडांवर अनवाणी उभं राहवत नाही. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, लेण्यांच्या पायथ्याशी अर्धवर्तुळाकार वळण घेते आणि मग खाली आपल्या पहूरला येते. ज्या काळ्या दगडात ती लेणी कोरली, त्याच जातीचा दगड झिजून झिजून आपल्या परसातली काळी माती झाली. तो दगड म्हणजे ६ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. आपली माती मुळातच आगीतून आलेली आहे, तिला ऊन नवं नाही.

पुण्याहून सुट्टीला आलात की तुम्हाला वाटतं, दुपारी सगळं गाव झोपतं. पेठेतली दुकानं अर्धी ओढलेली असतात, माणसं तोंडावर पंचा घेऊन आडवी झालेली असतात, कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलीत पोट टेकून पडतात. पण मागच्या परसात कोणी झोपलेलं नाही. तिथे या घडीला पाण्याचा हिशेब चालू आहे. किती राखायचं, किती सोडायचं आणि कोणत्या वेळी सोडायचं. ज्याला हा हिशेब जमतो तोच जूनचा पाऊस बघतो. तोच हिशेब आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात या माठापासून करू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीने नवी घागर भरून पूजली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या आणि आंबे ठेवले, पितरांची आठवण काढली. त्याच वेळी पिण्याच्या पाण्याचा माठही नवा आणला. तेव्हा धाकटीने विचारलं, जुना फुटला नाही, गळत नाही, मग नवा कशाला? फार चांगला प्रश्न आहे.

माठ भाजलेल्या मातीचा. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून झिरपत बाहेरच्या अंगावर येतं आणि वाफ होऊन उडून जातं. उडताना ते एकटं जात नाही, उष्णता घेऊन जातं. किती? एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. आणि एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतं. आता मोठ्या नातवाने पाटीवर हिशेब करावा. माठात १० लिटर पाणी आहे आणि ते १५ अंशांनी गार करायचं आहे. दीड लाख कॅलरी काढाव्या लागतील. त्यासाठी उडावं लागेल पाव लिटरहून थोडं जास्त पाणी. एका मोठ्या पेल्याएवढं पाणी गेलं आणि अख्खा माठ गार झाला! बाहेरची उष्णता आत शिरत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त पाणी जातं, पण तरीही हा सौदा फार मोठ्या फायद्याचा आहे. विजेचा पैसा लागत नाही.

आपल्या बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार माठाच्या छिद्रांत साचत जातात आणि छिद्रं बुजतात. जुन्या माठाच्या अंगावर तो पांढरा थर दिसतो ना, तोच हा. झिरपणं थांबलं की गारवा थांबला. म्हणून नवा माठ. आणि म्हणूनच आजी माठाला साबण लावू देत नाही, नुसत्या हाताने आणि पाण्याने धुते. कोकणातल्या मावशीकडे गेला होतात तेव्हा तिथला माठ एवढा गार का नव्हता, तेही आता कळेल. समुद्राकाठच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, तिथे पाणी सहज उडत नाही. आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत. जे ऊन आपल्याला जाळतं, तेच आपलं पाणी गार करतं.

जुना माठ मात्र टाकलेला नाही. तो गिलक्याच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरला आहे. छिद्रं बुजलेली होती, म्हणून तळाला बारीक भोक पाडलं आणि त्यात सुती चिंधीची वात ओवली. माठ भरून वर झाकणी ठेवली की पाणी वातीवाटे हळूहळू मुळांपाशी जातं. वरची माती कोरडी राहते, त्यामुळे उन्हाला पाणी चोरता येत नाही आणि तणही माजत नाही. आपल्या जळगाव जिल्ह्याने देशाला ठिबकच्या नळ्या पुरवल्या, पण मडकं पुरून झाडाला पाणी देण्याची रीत चीनमधल्या २००० वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथातसुद्धा सांगितलेली आहे.

आता माठाच्या तिवईखाली वाका. हळू. त्या ओल्या वाळूत एक खडबडीत, मातकट भेक बसला आहे. त्याला पाणी पिताना कोणी पाहिलं आहे का? कोणी पाहणार नाही, कारण तो तोंडाने पाणी पीतच नाही. त्याच्या पोटाच्या खालच्या भागाची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी पातळ असते. ओल्या जागी ती टेकवून बसला की पाणी कातडीतून थेट शरीरात शिरतं. तिवईखाली तो दिवसभर नुसता बसलेला दिसतो, पण त्याचं पाणी पिणं चाललेलं असतं. रात्री तो बाहेर पडेल आणि तुमच्या आजीच्या भेंडीवरचे किडे वेचेल. त्याला काठीने ढोसू नका.

आणि ही बघा, या ओलीवर उतरलेली बारीक कमरेची माशी. ही कुंभारीण. हिच्यासाठी मी तुम्हाला मुद्दाम इथे बसवलं. ही पाणी पिऊन उडते आणि पलीकडच्या कोरड्या मातीवर बसते. पोटातलं पाणी मातीवर सोडते, जबड्याने आणि पुढच्या पायांनी मळते, आणि चिखलाची इवलीशी गोळी करून उचलते. आता तिच्या मागोमाग न्हाणीच्या खिडकीपाशी या. चौकटीच्या कोपऱ्यात सेंटिमीटरभर मडकं आकाराला येतं आहे. प्रत्येक गोळी ती पट्टीसारखी पसरवते आणि त्याच वेळी भिंतीला आतून-बाहेरून मिशा लावून जाडी तपासते. वर गळा काढते आणि गळ्याला बाहेर वळलेला काठही देते. चाक नाही, हात नाही, भट्टी नाही.

मडकं झालं की पुढची गोष्ट घडते, ती सहसा कोणाला दिसत नाही. फ्रान्समध्ये फाब्र नावाचा एक शाळामास्तर होऊन गेला, १८२३ साली जन्मला. त्याने आपलं आयुष्य अशाच माश्या, भुंगे आणि किडे पाहण्यात घालवलं. असली मडकी अलगद उघडून त्याने आत पाहिलं. कुंभारीण आधी आत एकच अंडं घालते, आणि तेही मडक्याच्या छताला बारीक धाग्याने टांगते. मग ती शिकारीला जाते. पानांवरच्या हिरव्या अळ्या शोधते, त्यांना नांगी मारते आणि एकेक आणून मडक्यात भरते. नांगीने अळी मरत नाही, फक्त लुळी पडते. मेली असती तर या उकाड्यात दोन दिवसांत सडली असती. लुळी पडलेली अळी ताजी राहते. शेवटी ती मडक्याचं तोंड लिंपून टाकते आणि निघून जाते, परत येत नाही. आतलं पिल्लू अंड्यातून निघतं, टांगलेल्या जागेवरून खाली तोंड लावून खातं आणि खालच्या अळ्या वळवळल्या की वर सरकतं. अंडं टांगण्यामागचं कारण फाब्रने हेच सांगितलं.

या अळ्या कुठल्या, ते ओळखलंत? आपल्याच भाज्यांची पानं कुरतडणाऱ्या. चौकटीवरचं एक मडकं म्हणजे तुमच्या वांग्यावरून, कोबीवरून, मेथीवरून उचललेल्या अळ्यांचा साठा. शेजारच्या काकू दिवाळीआधी खराट्याने अशी सगळी मडकी पाडून टाकतात. मी त्यांना दरवर्षी विनवतो, बंद तोंडाची राहू द्या, आत जीव आहे. गळ्याजवळ किंवा अंगावर गोल भोक पडलेलं दिसलं की समजा, नवी माशी बाहेर गेली, आता खुशाल पाडा.

परवा भर दुपारी मोठा धावत आला, नाना, गिलक्याचा वेल मेला! पानं खाली लोंबली होती खरी. तो बादली घेऊन निघाला, मी थांबवलं. पानाच्या खालच्या अंगाला बारीक रंध्रं असतात. त्यांतून पान हवा घेतं आणि त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. माठ जसा गार राहतो तसंच पानही गार राहतं. पण दुपारी एकच्या उन्हात पानातून पाणी एवढ्या वेगाने जातं की मुळं तेवढ्या वेगाने वर चढवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. मग पान ताठपणा सोडतं. खाली लोंबलेल्या पानावर ऊन सरळ पडत नाही, तिरकं पडतं, आणि रंध्रंही मिटू लागतात. वेल मेला नव्हता, त्याने खर्च कमी केला होता. दिवेलागणीला मोठ्यानेच येऊन सांगितलं की पानं उभी राहिली.

दुपारी पान पडलं म्हणून पाणी घालू नये. सकाळी उजाडताना पान पडलेलं दिसलं, तर मात्र मुळाशी ओल नाही असं समजावं आणि लगेच पाणी द्यावं. काळ्या मातीला भेगा पडू लागल्या की त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते, म्हणून वर पाचोळा, तुरीचा भुसा, उसाचं पाचट, जे मिळेल ते पसरावं. बाग उन्हाळ्यात मरते ती बहुतेक वेळा उन्हाने नाही, भलत्या वेळी घातलेल्या पाण्याने आणि उघड्या मातीने.

आता मुख्य गोष्ट. मांडवावर दोन वेल चढलेले आहेत, एक दोडका, एक गिलकं. पानं जवळजवळ तशीच, फुलं दोन्हींची पिवळी. शास्त्रज्ञ दोघांनाही लुफा या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घालतात, म्हणजे ही सख्खी भावंडं. पण सकाळी आठ वाजता मांडवाखाली गेलात तर गिलक्याची फुलं टवटवीत उघडलेली दिसतील आणि दोडक्याची कालची फुलं माना टाकलेली. संध्याकाळी सहा-साडेसहाला गेलात तर उलटं. गिलकं मिटायला लागलेलं असतं आणि दोडक्याच्या कळ्या एकामागून एक उलगडत असतात.

एका कळीसमोर डोळे रोखून बसा, घाई करू नका. घट्ट गुंडाळलेल्या पाकळ्या आधी टोकाला सैल होतात, मग एक कड सुटते, थोड्या वेळाने दुसरी, आणि पाहता पाहता पाची पाकळ्या पसरतात. नाक जवळ न्या, गोडसर वास येईल. हा वास माणसांसाठी नाही. अंधार पडू लागला की मांडवाभोवती पतंग येतात. त्यांतला एखादा मोठा, हवेत एका जागी स्थिर राहून पंख एवढ्या वेगाने हलवतो की ते दिसतच नाहीत, आणि लांबलचक सोंड फुलात घालतो. दोडक्याचं लग्न लावणारे हे रात्रीचे भटजी. दुधी भोपळ्याचंही असंच, म्हणून त्याची फुलं पांढरीशुभ्र, अंधारात दिसावीत अशी. गिलक्याकडे मात्र दिवसाचं गिऱ्हाईक येतं, मधमाश्या आणि ते घों घों करणारे मोठे काळे भुंगे. तेही सकाळच्या पहिल्या काही तासांत. ऊन चढलं की परागकण सुकतात आणि त्यांचा जोम जातो. एकाच मांडवावर, एकाच मातीत वाढलेल्या दोन भावंडांनी दिवस असा वाटून घेतला आहे. दोघांनीही आपलं नाजूक काम भर दुपारच्या वाटेला येऊ दिलेलं नाही.

गिलक्याच्या वेलावर काळ्या मुंग्या फिरताना पाहून आजीने परवा राख टाकायला घेतली होती. मी म्हटलं, थांब. गिलक्याच्या फुलांच्या खाली आणि पानांवरही बारीक ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. मुंग्या तो प्यायला येतात. फुकट नाही पीत, वेलावर दुसरा किडा चढला की त्याला हुसकावतात. वेलाने पगारावर ठेवलेले राखणदार आहेत ते.

पण आजीचं खरं दुःख वेगळं आहे. फुलं ढीगभर, गिलकं एकही नाही! उन्हाळ्यात परसबाग करणाऱ्या प्रत्येक घरी हे ऐकू येतं. त्याचं असं आहे, या वेलावर दोन तऱ्हेची फुलं लागतात. घोसाने येतात ती नर फुलं, त्यांच्याखाली नुसता देठ असतो. एकेकटं येतं ते मादी फूल, त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढं गिलकं आधीच तयार असतं. दिवस मोठे आणि ऊन कडक असलं की वेल नर फुलंच जास्त काढतो. फळ पोसायला पाणी लागतं, आणि पाण्याचा भरवसा नसताना वेल तो खर्च अंगावर घेत नाही, असं मला वाटतं. पाऊस पडून हवा निवली की हाच वेल फळांनी लगडतो.

तोवर हाताने मदत करता येते. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि त्याचे परागकण मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचे. गिलक्याला सकाळी सात-आठच्या आत, दोडक्याला दिवेलागणीला. वेळ चुकवून केलंत तर काही उपयोग नाही.

मादी फुलं वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकायला माजघरात चला. खाटेखाली आंब्यांची आढी घातली आहे, गव्हाच्या काडात. हात आत घाला. ऊब लागली? पिकणारं फळ जोरजोराने श्वास घेतं, त्याची ती ऊब. आणि पिकताना ते एक वायू सोडतं, इथिलीन. एक आंबा पिकायला लागला की त्याचा वायू शेजारच्या आंब्याला लागतो, तोही पिकू लागतो. काडाने वायू कोंडून राहतो, म्हणून आढी उघड्यावर घालत नाहीत.

या वायूचा झाडांवरचा परिणाम कळला तो आंब्यामुळे नाही. रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरात रस्त्यावर आणि घरांत दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे जळत. नेल्युबोव नावाचा तरुण तिथे प्रयोगशाळेत वाटाण्याचे कोंब वाढवत होता. ते वर जाण्याऐवजी आडवे आणि जाडजूड वाढत. बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवले की सरळ. त्याने शोध घेतला आणि १९०१ साली दाखवून दिलं की हा दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा परिणाम आहे. पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन याने सिद्ध केलं की पिकणारी फळं स्वतःच इथिलीन तयार करतात. आणि त्यानंतर कळलं की काकडी, दोडका असल्या वेलांची रोपं दोन-चार पानांवर असताना त्यांना इथिलीन मिळालं, तर पुढे त्यांच्यावर मादी फुलं जास्त येतात. खाटेखालच्या आढीत आंबा पिकवणारा वायू आणि मांडवावर गिलकं धरवणारा वायू एकच आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

बाजारात कार्बाइडने पिकवलेले आंबे येतात. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो. साल पिवळी होते, पण आत गोडी भरत नाही, आणि औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. आपल्या देशात कायद्याने त्याला बंदी आहे. घरी आढी घालायला काड आणि आठवडाभराचा धीर एवढंच लागतं, मग आपण तो धीर का धरू नये?

आता गच्चीवर आजीच्या बिबड्या वाळत आहेत. ज्वारी भिजवली, दळली, लसूण, तीळ, जिरं, मीठ घालून शिजवली, आणि खाटेवर जुनं धोतर अंथरून त्यावर पहाटेच थापल्या. तुम्हाला अर्धवट ओल्या खायला आवडतात, खा, आजीला विचारून. या कडक उन्हाची खरी कमाई ती. पिठातलं पाणी निघून गेलं की बुरशीला आणि जंतूंना वाढायला जागाच राहत नाही, म्हणून वर्षभर टिकतात. तरी पाण्याचा अगदी थोडा अंश आत उरतो, आणि तो उरायलाच हवा. उकळत्या तेलात टाकल्याबरोबर त्या अंशाची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते दीड हजारपटींहून जास्त जागा मागतं, आणि बिबडी फुलते. कुरडई, पापड, सांडगे, सगळ्यांचं तेच. गिलक्याची भजी तळताना जो चुरचुर आवाज येतो, तीही वाफच. दोडक्याच्या शिरा मात्र टाकू नका, तीळ, मिरची आणि लसूण घालून आजी त्यांची चटणी करते. आणि एखादं जून गिलकं वेलावरच वाळू द्या. त्याचा जो चोथा आपण अंग घासायला घेतो, तो म्हणजे फळाला पाणी पोहोचवणाऱ्या नळ्यांचं जाळं आहे. सोललंत की हातात धरून पाहा, एकही धागा कुठे तुटक नाही.

गुरांचं आणि पाखरांचं थोडक्यात सांगतो. गाय घामाने अंग गार करते. म्हशीला घामाच्या ग्रंथी फार थोड्या, शिवाय कातडी काळी, म्हणून ती चिखल अंगाला लावून घेते. चिखलातलं पाणी सावकाश उडतं आणि तेवढा वेळ ती गार राहते. पाखरांना घाम येतच नाही. कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतो, पारवा घशाचं कातडं भराभर थरथरवतो, घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त निवतं. पण गेलेलं पाणी परत भरून काढावं लागतं. ते त्यांना कुठे मिळणार? मे महिन्यात वाघूरचं पात्र कोरडं असतं. म्हणून कुंपणाच्या सावलीत मातीचं पसरट परळ ठेवलं आहे. उथळ हवं, म्हणजे चिमणीला उतरता येतं. मध्ये एक खडा हवा, म्हणजे मधमाशी बुडत नाही. पाणी रोज सकाळी ओतून नवं भरायचं, नाहीतर त्यात डास होतात. ही जबाबदारी आजपासून धाकटीची.

मोठ्यासाठी एक पाहण्यासारखं राखून ठेवलं आहे. कोपऱ्यातल्या वांग्याच्या झाडाकडे हातभर अंतरावरून बघ, हात लावू नकोस. एक रुंद पान दोन्ही कडांनी वळून आलेलं आहे आणि कडा टाचलेल्या आहेत. हे शिंप्याचं घरटं. शिंपी म्हणजे तो शेपटी उभी ठेवून टिव-टिव ओरडत फिरणारा हिरवट पक्षी, वजन १० ग्रॅमच्या आत. सुगरणीचं कौतुक आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनी घरोघरी पोहोचवलं, पण शिंप्याची मादीही कमी नाही. ती चोचीने पानाच्या कडेला बारीक भोक पाडते, त्यातून कापसाचा तंतू ओढून घेते आणि दुसऱ्या कडेच्या भोकातून काढते. गाठ मारत नाही. बाहेर आलेला कापूस पिंजून फुगलेला राहतो, म्हणून मागे सरकत नाही. दर टाका स्वतंत्र. भोकं एवढी बारीक की पान सुकत नाही, हिरवंच राहतं, आणि आजूबाजूच्या पानांत घरटं दिसून येत नाही. कापूस कुठला, ते सांगायला नको. पऱ्हाट्या उपटून महिने झाले, तरी आपल्या कुंपणाच्या काट्यांना पुंजके अडकलेले आहेतच. ते काढू नका.

आता तुम्ही पुण्याला परत गेलात की गॅलरीत कुंडीत का होईना, दोडका किंवा गिलकं लावाल, मला माहीत आहे. म्हणून शेवटची एक गोष्ट नीट ऐका. फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या वाचतात, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. गिलक्याला, काकडीला तो बरोबर आहे. दोडक्याला आणि दुधीला मात्र तो लागू नाही, कारण संध्याकाळी तिथे पतंग येणार असतात. फवारा मारायची वेळच आली, तर निंबोळी अर्क वापरा, आणि दोडक्या-दुधीवर तो सकाळी, त्यांची फुलं मिटल्यावर मारा. आणि वेलाजवळ मोठा दिवा असेल तर फुलं उमलतात त्या वेळी, संध्याकाळी सहा ते नऊ, तो बंद ठेवा. दिव्याकडे गेलेला पतंग सहसा फुलाकडे परत येत नाही.